‘तुमच्याकडे रेप्लिका जर्सी आहे का?’ : माझ्याच एका फसलेल्या प्रश्नाची समीक्षा



सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या विद्यार्थ्यांचा एक प्रश्न मला सारखा येतो. ‘संज्ञांच्या व्याख्या’ या मुद्द्याखाली नेमकं काय लिहायचं? बहुतेक जण काय करतात ते मला माहीत आहे, कारण मीही तेच केलं होतं. शब्दकोश उघडायचा, दोन-तीन ओळी उतरवायच्या, ‘प्रस्तुत संशोधनात हा शब्द पुढील अर्थाने वापरला आहे’ असं एक वाक्य टाकायचं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचं. त्या वेळी कुणी काही म्हणत नाही. फटका बसतो तो नंतर, प्रश्नावली घेऊन माणसांसमोर उभं राहिल्यावर.

मला तो कसा बसला, ते आज सांगते. समीक्षा म्हटलं की आपण दुसऱ्याच्या लेखनाची करतो. ही माझ्या स्वतःच्या एका प्रश्नाची आहे.

माझा विषय थोडक्यात असा : आमच्या भागात फुटबॉलचे कपडे कसे आले, कोणी वापरले आणि लोक ते कसे आठवतात. आमचा भाग म्हणजे बोदवड. भुसावळहून मलकापूरकडे जाताना लागतं. चहूबाजूंनी कापूस, गावात जिनिंग-प्रेसिंग. इथे मैदानावर क्रिकेट, कबड्डी, व्हॉलीबॉल दिसेल, फुटबॉल क्वचितच. पण सकाळी बस स्टँडवर दहा मिनिटं उभे राहा. ब्राझीलचा पिवळा, अर्जेंटिनाचे निळे-पांढरे पट्टे, बार्सिलोनाचा निळा-लाल, हे सगळे टी-शर्ट तुमच्यासमोरून जातील. कुणी शेतात निघालेला, कुणी दुधाची कॅन घेऊन, कुणी क्लासला. खेळ नाही, पण खेळाचे कपडे आहेत. मला वाटलं, वा! विषय सापडला.

प्रश्नावलीतला पहिला प्रश्न होता : ‘तुमच्याकडे फुटबॉलची रेप्लिका जर्सी किंवा किट आहे का?’ ओळखीच्या काही जणांना विचारून बघितलं. सगळ्यांचं उत्तर ‘नाही’. त्यातला एक जण तर पाठीवर मेस्सी आणि दहा नंबर असलेला टी-शर्ट घालून माझ्यासमोर बसला होता. म्हणाला, “नाही बा, असलं काही नाही आपल्याकडे.”

तो खोटं बोलत नव्हता. माझा प्रश्न चुकला होता. किती ठिकाणी, ते एकेक शब्द धरून बघू.

जर्सी : बेट, गाय आणि टी-शर्ट

पहिला शब्द ‘जर्सी’. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्रात जर्सी नावाचं बेट आहे. तिथे लोकरीचं विणकाम चालायचं, त्यावरून विणलेल्या कापडाला आणि मग त्या कापडाच्या अंगरख्याला जर्सी म्हणू लागले. गाईची जातही त्याच बेटावरची. म्हणजे दोन्ही अर्थांचं माहेर एकच.

आमच्याकडे मात्र गाय आधी आली. अजूनही गावात कुणाला ‘जर्सी आहे का’ विचारलं, तर ‘आहे, आठ-दहा लिटर देते’ असं उत्तर येऊ शकतं. मला ते खरोखर आलंय! आणि एक गंमत बघा. संकरित गाय दिसली की लोक तिला सरसकट जर्शी म्हणून टाकतात. काळी-पांढरी होल्स्टिनही जर्शी. तसंच चकचकीत कापडाचा, नंबर असलेला कुठलाही टी-शर्ट म्हणजे जर्सी. क्रिकेटचा असो, कबड्डीचा असो, नाहीतर गणपती मंडळाचा. दोन्हीकडे बाहेरून आलेल्या एका नावाखाली अख्खं गोत्र बसलंय.

आता संशोधक म्हणून तुम्ही काय कराल? ‘लोक शब्द चुकीचा वापरतात’ असं लिहाल? मी पहिल्या मसुद्यात तेच लिहिलं होतं. ते वाक्य आता वाचवत नाही. एखादा शब्द गावात काय-काय उचलून धरतो, हीच तर माहिती आहे. ती चूक म्हणून खोडली की हातातली माहिती गेली.

किट, ड्रेस आणि ‘घरची जर्सी’

इंग्रजीत, विशेषतः ब्रिटनमध्ये, किट म्हणजे शर्ट, चड्डी आणि मोजे असा अख्खा पोशाख. अमेरिकेत त्यालाच युनिफॉर्म म्हणतात. आपल्याकडे किट म्हणजे एकतर क्रिकेटची ती लांब बॅग, नाहीतर सरकारी योजनेत मिळणारं किट : रेशनचं किट, बांधकाम कामगारांचं किट. फुटबॉलचं किट म्हटल्यावर एका काकांनी विचारलं, “त्यात पंप बी असतो का?” युनिफॉर्म म्हणावं, तर तो शाळेचा किंवा पोलिसांचा. शाळेच्या संघाच्या पोशाखाला आम्ही ‘खेळाचा ड्रेस’ म्हणायचो. शर्ट आणि हाफ पँट मिळून दुकानात ‘सेट’. मोजे या हिशोबात नसतातच, ते ज्याचे त्याने आणायचे.

फुटबॉलच्या नियमपुस्तकात खेळाडूंच्या पोशाखाचा चौथा नियम आहे. त्यात बाहीचा शर्ट, चड्डी, मोजे, नडगीचं संरक्षण करणारे पॅड आणि बूट अशा वेगवेगळ्या वस्तू सांगितल्यात. ‘बाहीचा’ आणि ‘वेगवेगळ्या’ हे शब्द तुम्हाला फालतू वाटतील. पण त्यांच्यावरून भांडणं झालीत. २००२ मध्ये कॅमेरूनचा संघ आफ्रिकी स्पर्धेत बिनबाह्यांचे शर्ट घालून खेळला. त्याच वर्षीच्या विश्वचषकात फिफाने ते चालू दिले नाहीत, तेव्हा त्यांनी आतून काळ्या बाह्या लावल्या. २००४ मध्ये हाच संघ शर्ट आणि चड्डी एकत्र शिवलेला सलग पोशाख घालून उतरला. फिफाने दंड केला आणि विश्वचषक पात्रतेचे सहा गुण कापले. ते गुण पुढे परत दिले, ही गोष्ट वेगळी.

‘कार्यकारी व्याख्या’ म्हणजे काय, हे समजावून सांगायला मला याहून बरं उदाहरण सापडलेलं नाही. शर्ट म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत असतं, जोपर्यंत कुणी बाही कापून येत नाही तोपर्यंत. तुमच्या प्रबंधातही कुणीतरी बाही कापून येणारच. तो कोण असेल, याचा विचार व्याख्या लिहितानाच करा.

माझ्यासाठी तो माणूस ‘होम किट’ या शब्दावर आला. होम किट म्हणजे संघ स्वतःच्या मैदानावर घालतो तो पोशाख, अवे किट म्हणजे दुसऱ्याच्या मैदानावर रंग सारखे होऊ नयेत म्हणून घालायचा. मी मराठीत आणायला गेले, ‘घरची जर्सी’. आमच्या शेजारच्या वहिनींनी लगेच दोरीवरचा विटलेला टी-शर्ट दाखवला. “ही काय, घरचीच ए ही.” घरचे कपडे म्हणजे बाहेर घालण्याच्या लायकीचे न राहिलेले कपडे!

मी हसले, पण रात्री वहीत लिहिताना लक्षात आलं की वहिनींनी मला एक अख्खं प्रकरण दिलंय. आमच्याकडे जर्सीचं आयुष्य असं असतं : नवी असताना लग्नाला, जत्रेला, मग मैदानावर, मग घरी, मग फवारणीला, शेवटी गाडी पुसायला. इंग्रजीतले ‘होम’ आणि ‘अवे’ मैदान कुणाचं ते सांगतात. आमचे ‘बाहेरची’ आणि ‘घरची’ कपड्याचं वय सांगतात. माझ्या प्रश्नावलीत या वयासाठी एकही रकाना नव्हता.

रेप्लिका : प्रतिकृती की नक्कल?

आता मुख्य शब्द. ‘रेप्लिका’ला शब्दकोशात ‘प्रतिकृती’ मिळतं. मी तेच लिहिलं होतं. पण मराठीत प्रतिकृती कशाची असते? दिवाळीत पोरं करतात त्या किल्ल्याची, सत्कारात देतात त्या बैलगाडीची. म्हणजे लहान आकाराचा, शोकेसमध्ये ठेवायचा नमुना. ‘जर्सीची प्रतिकृती’ म्हटलं तर बाहुलीला घालायचा शर्ट डोळ्यांसमोर येतो.

शिवाय इंग्रजीतही हा शब्द सरळ नाही. कलेच्या इतिहासात काटेकोरपणे रेप्लिका म्हणजे मूळ कलाकाराने स्वतःच केलेली दुसरी प्रत. फुटबॉलच्या बाजारात रेप्लिका म्हणजे क्लबच्या परवान्याने, अधिकृत कंपनीने चाहत्यांसाठी काढलेला शर्ट. आता तर कंपन्या दोन पायऱ्या करून विकतात. खेळाडू घालतात तसाच, महाग तो ‘ऑथेंटिक’, आणि त्याच्या खालचा साधा तो ‘रेप्लिका’. म्हणजे रेप्लिका हा बनावट माल नव्हेच. तो अधिकृतच आहे. माझ्यासमोर बसलेल्या मेस्सीवाल्याकडे खरंच रेप्लिका नव्हती!

मग हा शब्द बाजारात बसला कसा? इथे थोडा इतिहास लागतो. इंग्लंडमध्ये पूर्वी क्लबचे शर्ट अगदी साधे असत, एकरंगी, फार तर कॉलर-बाही वेगळी. पोराला हवा असेल तर दुकानातून त्या रंगाचा शर्ट आणायचा आणि आईने पाठीवर नंबर शिवायचा. विषय संपला. १९७० च्या दशकात लेस्टरशायरमधल्या अ‍ॅडमिरल या कंपनीने लीड्स युनायटेडशी आणि १९७४ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाशी करार केले. बाह्यांवर पट्टे आले, छातीवर कंपनीचं चिन्ह आलं. असा शर्ट आईला घरी शिवता येत नाही आणि दुसऱ्या कारखान्याला कायद्याने काढता येत नाही. ‘रेप्लिका’ नावाचा धंदा उभा राहिला तो यानंतर.

म्हणजे रेप्लिका हे कापडाचं वर्णन नाहीच. तो परवानगीचा शब्द आहे. आणि परवानगीसाठी मराठीत शब्द नाही असं समजू नका. तो प्रतिकृतीपाशी नाही, तहसील कचेरीत आहे. सातबाऱ्याची काय काढतो आपण? नक्कल. तिच्यावर शिक्का काय असतो? ‘खरी नक्कल’. आणि तुम्ही सगळ्यांनी अ‍ॅडमिशनच्या वेळी झेरॉक्सवर मारलेला तो शिक्का, ‘सत्यप्रत’. कागद तोच, मशीन तेच, शाईही तीच. सही झाली की सत्यप्रत, नाही झाली की नुसती झेरॉक्स. क्लबने सही केलेला शर्ट म्हणजे रेप्लिका, म्हणजेच खरी नक्कल. सही नसलेला म्हणजे आमच्या बाजारातला ‘डुप्लिकेट’. हा फरक आपल्या भाषेला नीट कळतो. मीच तो चुकीच्या कपाटात शोधत होते.

दुकानात तर याहून बारीक भाषा आहे. मी एका दुकानदाराशी बोलत बसले. (कोण, कुठला, ते लिहिणार नाही. का, ते पुढे सांगते.) त्याच्याकडे ‘डुप्लिकेट’ हा शब्द फक्त शेजारच्या दुकानातल्या मालासाठी होता. स्वतःचा माल म्हणजे ‘फर्स्ट कॉपी’. त्याखालचा ‘नॉर्मल’. कापडाची नावं वेगळी, डॉट निट वगैरे. छपाई धुतल्यावर निघत नसेल तर ती ‘सब्लिमेशन’. मी विचारलं, ओरिजनल आहे का? तो म्हणाला, “ताई, ओरिजनल नाही, पन कापड एक नंबर.” हे वाक्य मी तसंच्या तसं उतरवून घेतलं. त्यात दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. एक सहीची, एक टिकण्याची. आणि तो गिऱ्हाइकाला फसवत नाहीये. पहिल्या मोजपट्टीवर आपण नापास आहोत हे तो स्वतःहून सांगतोय.

मानवशास्त्रात यासाठी एक जोडी वापरतात : ‘एटिक’ आणि ‘इमिक’. भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाईकने १९५४ मध्ये ती मांडली. एटिक म्हणजे अभ्यासकाने बाहेरून आणलेले वर्ग, इमिक म्हणजे त्या लोकांचे स्वतःचे वर्ग. ‘ऑथेंटिक, रेप्लिका, बनावट’ हे एटिक. ‘फर्स्ट कॉपी, नॉर्मल, घरची’ हे इमिक. परीक्षेत व्याख्या लिहून दोन मार्क मिळतात. पण खरा उपयोग असा की प्रश्नावलीत एटिक शब्द घातला की समोरचा ‘नाही’ म्हणतो आणि तुम्ही ते ‘नाही’ तक्त्यात भरता.

मग ‘ओरिजनल’ तरी काय?

इथपर्यंत मी खूश होते. सही असली तर खरी, नसली तर डुप्लिकेट. सिद्धांत तयार! मग एका शर्टाने तो मोडला.

२२ जून १९८६, मेक्सिको सिटी, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. मॅराडोनाने हाताने केलेला गोल आणि त्यानंतरचा तो अर्धं मैदान कापून केलेला गोल, दोन्ही याच सामन्यातले. त्या दिवशी अर्जेंटिनाला निळा शर्ट घालायचा होता. त्यांचे निळे शर्ट सुती आणि जड होते, दुपारच्या उन्हात घालवेनात. म्हणून संघातली माणसं शहरातल्या दुकानांत गेली, हलके निळे शर्ट विकत आणले, संघाचं चिन्ह रातोरात शिवून घेतलं आणि पाठीवर अमेरिकन फुटबॉलसारखे चंदेरी नंबर इस्त्रीने चिकटवले. सामन्यानंतर मॅराडोनाने तो शर्ट इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजशी बदलला. मे २०२२ मध्ये लिलावात त्याला ७१ लाख पौंडांहून जास्त किंमत आली.

आता सांगा, हा शर्ट ओरिजनल कधी झाला? दुकानाच्या मांडणीवर होता तेव्हा तो साधा विकाऊ माल होता. चिन्ह शिवणाऱ्या बायकांनी जे केलं, तेच आमच्याकडचा टेलर करतो. त्याला ओरिजनल केलं त्या दुपारने. म्हणजे परवानगीच्या बरोबरीने दुसरी एक गोष्ट आहे. तो कपडा कुठे होता, कुणाच्या अंगावर होता.

ते सिद्ध कसं करायचं, हा खास आपला प्रश्न. लिलावाच्या वेळी मॅराडोनाच्या कुटुंबीयांनी म्हटलं की हा शर्ट पहिल्या हाफमधला आहे, गोल दुसऱ्या हाफमध्ये झाले. लिलाव करणाऱ्यांनी जुनी छायाचित्रं काढून शर्टाच्या बारीक खुणा एकेक जुळवून दाखवल्या. माणसांची आठवण एका बाजूला, वस्तूवरच्या खुणा दुसऱ्या बाजूला. या दोन्हींत भांडण लागतं तेव्हा काय करायचं, ते मला माझ्याच घरात शिकायला मिळालं.

पेटीतला पिवळा टी-शर्ट

माझा प्रस्ताव मी एका आठवणीने सुरू केला होता. ३० जून २००२, ब्राझील-जर्मनी फायनल, आपल्याकडे संध्याकाळी साडेचारला. रोनाल्डोचे दोन गोल. मी लहान होते आणि पिवळा, नऊ नंबरचा टी-शर्ट घालून टीव्हीसमोर बसले होते. हे मला स्पष्ट आठवत होतं. कापड अंगाला टोचत होतं, हेसुद्धा. तो टी-शर्ट घरच्या पेटीत अजून आहे. साधा पिवळा होजिअरीचा, गळ्याला आणि बाह्यांना हिरवी फीत, पाठीवर अस्तराच्या हिरव्या कापडाचा ९, आणि छातीवर दोऱ्याने भरलेल्या छोट्या चांदण्या.

ब्राझीलच्या पिवळ्या शर्टाबद्दल वाचत होते तेव्हाची गोष्ट. १९५० चा विश्वचषक घरच्या मैदानावर उरुग्वेकडून हरले तेव्हा ब्राझीलचा शर्ट पांढरा होता. नंतर १९५३ मध्ये एका वर्तमानपत्राने नव्या पोशाखासाठी स्पर्धा घेतली. अट अशी की झेंड्यातले चारही रंग हवेत. उरुग्वेच्या सीमेजवळच्या गावातल्या आल्दिर श्ली नावाच्या पोराचं चित्र निवडलं गेलं. तोच हा पिवळा, १९५४ पासूनचा. पुढे छातीवर चांदण्या आल्या, जिंकलेल्या प्रत्येक विश्वचषकासाठी एक. २००२ ची स्पर्धा ब्राझील चार चांदण्या घालून खेळलं. पाचवी ती फायनल जिंकल्यावर आली.

मी पेटी उघडली. माझ्या टी-शर्टावर चांदण्या पाच होत्या.

म्हणजे ३० जूनच्या संध्याकाळी हा टी-शर्ट अशा रूपात असूच शकत नव्हता. आधी वाटलं, पाचवी मागून भरली असेल. पण दोरा एकच, टाका एकच, अंतर सारखं. पाचही एका बैठकीत भरलेल्या. मग आईला विचारलं. तोवर तिला काही विचारलंच नव्हतं, कारण माझ्या नमुना निवडीत ‘फुटबॉलप्रेमी’ असा गट होता आणि आई त्यात बसत नव्हती.

आई भाजी निवडता निवडता म्हणाली, “त्या दिवशी कुठला टी-शर्ट? तुझ्या भावाला आणलं होतं बाबांनी भुसावळहून. तुला नव्हतं आणलं. पोरीला काय करायचं ते, असं म्हणाले. मॅच संपेपर्यंत रडत होतीस. मग मी पिवळं घेऊन आले, नंबर टेलरकडून लावून घेतला आणि चांदण्या मी भरल्या. तुझा भाऊच म्हणाला, चार नको, आता पाच कर.”

मी गप्प बसले. वीस वर्षं मी त्या संध्याकाळी तो टी-शर्ट घातलेला आठवत होते.

माझ्या प्रस्तावाचं पहिलं पान गेलं. पण बघा काय मिळालं. भावाचा छापील टी-शर्ट चार चांदण्यांचा होता. तो घरचा झाला, मग फवारणीचा, मग संपला. माझ्यावर पाचवी होती आणि तो जपून ठेवला गेला. शब्दांच्या हिशोबात हा टी-शर्ट काय? रेप्लिका नाही, परवाना नाही. डुप्लिकेटही नाही, कारण तो खरा आहे असं भासवून कुणाला विकलेला नाही. फर्स्ट कॉपी तर नाहीच. अ‍ॅडमिरलच्या आधी इंग्लंडमधल्या आया जे करत होत्या, ते माझी आई बोदवडला २००२ मध्ये करत होती. माझ्या तिन्ही वर्गांत तो बसत नाही, आणि माझ्या संशोधनातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू तीच आहे.

आणखी एक. ज्या बाईने हा कपडा निवडला, आणला, भरला, धुतला आणि जपला, तिच्याकडे माझी प्रश्नावली गेलीच नसती. ‘तुमच्याकडे आहे का?’ या शब्दांत मालक गृहीत आहे, आणि मालक म्हणजे घालणारा, आणि घालणारा म्हणजे बहुतेक वेळा मुलगा. बाबांनी २००२ मध्ये जे केलं, तेच मी प्रश्नावलीत केलं होतं.

दोन आक्षेप

एक आक्षेप रास्त आहे : यात बनावट मालाचं कौतुक होतंय का? होऊ देऊ नका. १९९९ चा ट्रेडमार्क कायदा आहे, खोटं चिन्ह लावून माल विकणं गुन्हा आहे. पण सही असलेली बाजू धुतल्या तांदळाची असते असंही समजू नका. ब्रिटनमध्ये २००३ साली रेप्लिका शर्टांच्या किमती संगनमताने चढ्या ठेवल्याबद्दल दहा संस्थांना मिळून १८६ लाख पौंडांचा दंड झाला. त्यात मोठी दुकानं, एक मोठी कपडा कंपनी आणि मँचेस्टर युनायटेड क्लबही होता. आपलं काम निवाडा देण्याचं नाही, पण दोन्ही बाजू ठाऊक हव्यात.

आणि म्हणूनच दुकानदाराचं नाव मी लिहिलं नाही. त्याने विश्वासाने सांगितलेलं वाक्य उद्या त्याच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. दुकानाचा फोटो, गल्ली, बोर्डाचा रंग, काहीच टाकू नका. संमतीपत्रावर सही घेतली म्हणजे जबाबदारी संपली, असं नसतं.

दुसरा आक्षेप माझ्या गाईडचा : हे सगळीकडे असंच असतं का? नाही. कोल्हापूर घ्या. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींच्या नावाचे फुटबॉल संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने होतात. संघ पेठेचा, तालीम समोर, खेळाडू ओळखीचा. तिथे संघाचा रंग अंगावर घालणं म्हणजे आपण कुठले ते सांगणं. आमच्याकडे शर्ट आले ते संघाशिवाय, मैदानाशिवाय. २००६ मध्ये बार्सिलोनाने छातीवर युनिसेफचं नाव घेतलं. तो टी-शर्ट आमच्याकडे आला तेव्हा एका पोराला वाटलं की हा अंगणवाडीतून मिळालाय, कारण ते नाव त्याने तिथेच पाहिलेलं. त्यामुळे बोदवडचं निरीक्षण कोल्हापूरला लावायला मी जाणार नाही. तुम्हीही आपल्या गावाचं वाक्य महाराष्ट्राला लावू नका.

प्रश्न आता कसा आहे

माझी नवी प्रश्नावली ‘रेप्लिका’ने सुरू होत नाही. प्रश्नच नाही, विनंती आहे : ‘घरात नंबर असलेला किंवा खेळाचा एखादा कपडा असेल तर दाखवाल का?’ कपडा समोर आला की मी तीन गोष्टी विचारते. याला तुम्ही काय म्हणता? हा घरात कुणी आणला किंवा केला? आता हा कशाला वापरता? उत्तरातला शब्द जसाच्या तसा लिहिते. ‘ड्रेस’ म्हणाले तर ड्रेस, ‘जर्शी’ म्हणाले तर जर्शी. रेप्लिका, ऑथेंटिक हे शब्द विश्लेषणाच्या प्रकरणात येतात, आणि तिथे ते कुणाचे आहेत हे सांगून येतात.

कपड्यावरच्या खुणाही टिपते. अर्जेंटिनाच्या टी-शर्टावर दोन चांदण्या की तीन? १८ डिसेंबर २०२२ च्या फायनलपर्यंत दोन होत्या, जिंकल्यावर तीन झाल्या. म्हणून तीनवाला टी-शर्ट त्या फायनलनंतरचा, हे बहुतेक धरता येतं. दोनवाला मात्र आधीचाच असेल असं नाही, जुना माल नंतरही विकला जातो. खूण एका बाजूनेच बोलते, हे लक्षात ठेवा.

आणि आठवण व खूण जुळली नाही, तर सांगणाऱ्याला खोडू नका. दोन्ही लिहा, शेजारी शेजारी. माझ्या वहीत आता असं आहे : ‘निवेदिकेला आठवतं की तिने ३० जून २००२ ला हा टी-शर्ट घातला होता. वस्तूवर पाच चांदण्या. आईच्या सांगण्यानुसार फायनलनंतर केला.’ खाली रकाना आहे, ‘तुम्ही याला काय म्हणता’. तिथे आईने सांगितलेलं लिहिलंय : ‘पोरीचा टी-शर्ट’.

तुमच्या सिनॉप्सिसमधला ‘संज्ञांच्या व्याख्या’ हा मुद्दा उघडा. त्यातला सगळ्यात सोपा वाटणारा शब्द घ्या आणि घरातल्या अशा माणसाला विचारा, जो तुमच्या नमुन्यात बसत नाही. मग व्याख्या लिहा.